मृगयेतील श्वान आणि कायद्याची वर्गवारी : इंग्लंड व स्पेन येथील दोन चळवळी

१

शिकारी कुत्र्यांकडून वन्य पशूचा पाठलाग करवून त्याला मारणे हा मृगयेचा फार प्राचीन प्रकार होय. बंदुकीच्या शिकारीत कुत्रा साहाय्यक असतो. पडलेले पाखरू शोधून आणणे किंवा झुडपातील जनावर उठवणे एवढेच त्याचे काम. पाठलागाच्या शिकारीत मात्र कुत्रा हेच शस्त्र असते. या शिकारीचे दोन भेद आहेत. एका प्रकारात कुत्र्यांचा मोठा ताफा वासाच्या मागावरून सावजाचा दीर्घकाळ पाठलाग करतो आणि ते थकले म्हणजे त्याला गाठतो. दुसऱ्या प्रकारात दोन किंवा तीन चपळ कुत्रे नजरेच्या टप्प्यातील सशावर सोडले जातात व वेगाच्या बळावर काही मिनिटांत निकाल लागतो. पहिल्या प्रकाराचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणजे इंग्लंडातील फॉक्सहाउंड. दुसऱ्याचे, स्पेनमधील गाल्गो.

या मृगयेविरुद्ध गेल्या दीडशे वर्षांत ज्या चळवळी झाल्या, त्यांच्या इतिहासात सावजाचे स्थान मध्यवर्ती आहे. इंग्लंडातील खोकड, हरीण, ससा आणि पाणमांजर यांच्या यातनांविषयी विपुल वाङ्मय निर्माण झाले. समित्या नेमल्या गेल्या. पार्लमेंटमध्ये वर्षानुवर्षे वाद झाले. ज्याच्या दातांनी ही शिकार घडते त्या कुत्र्याचे काय होते, हा प्रश्न मात्र या वाङ्मयात बराच काळ समासात राहिला. स्पेनमध्ये याच्या नेमके उलट घडले. तेथे चळवळीचा उगमच टाकून दिलेल्या शिकारी कुत्र्यांच्या सुटकेतून झाला आणि सशाचा प्रश्न मागे पडला.

आरंभबिंदू इतके भिन्न असूनही दोन्ही चळवळी अखेर एकाच अडथळ्यापाशी येऊन थांबल्या, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे. कायदा प्राण्याला संरक्षण देतो ते त्याच्या वेदनाक्षमतेवरून नव्हे, तर माणसाने त्याला नेमून दिलेल्या उपयोगावरून. घरात पाळलेले कुत्रे आणि शिकारीसाठी पोसलेले कुत्रे यांच्या शरीरात काही भेद नाही. भेद आहे तो वर्गवारीत. ही वर्गवारी कशी निर्माण झाली, कोणी टिकवली आणि कोणत्या मार्गाने ती सैल होऊ लागली, याचा मागोवा घेतल्यास या दोन देशांच्या सामाजिक इतिहासावर बराच प्रकाश पडतो.

२

इंग्लंडातील ‘फॉक्स’ म्हणजे महाराष्ट्रात ज्याला कोल्हा म्हणतात तो प्राणी नव्हे. तो खोकडाचा जातभाई होय. मध्ययुगात त्याची शिकार प्रतिष्ठेची मानली जात नसे. तो मान हरणाचा होता. हरणांची राने कमी होत गेली, कुंपणबंद शेते व कुरणे वाढली, तसतशी अठराव्या शतकात खोकडाच्या शिकारीला प्रतिष्ठा आली. लेस्टरशायरमधील क्वॉर्न येथील ताफ्याचे प्रमुख ह्यूगो मेनेल यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अधिक वेगवान आणि अधिक तीक्ष्ण घ्राणशक्तीच्या कुत्र्यांची पैदास केली. त्यामुळे शिकार ही घोडेस्वारांची वेगवान क्रीडा बनली. जमीनदार, खंडकरी, पाद्री आणि लष्करी अधिकारी एकत्र येण्याचे ते एक स्थान झाले, आणि ग्रामीण इंग्लंडच्या सामाजिक व्यवस्थेचे प्रतीक म्हणून तिच्याकडे पाहिले जाऊ लागले.

या संस्थेचे अर्थकारण कुत्र्याभोवती फिरते. ताफ्यातील कुत्र्यांची मोजदाद एकेकट्याने न होता जोडीने होते. लहान पिले गावातील शेतकऱ्यांच्या घरी वाढवण्यास दिली जातात. काही महिन्यांनी ती ताफ्याच्या श्वानगृहात परत येतात आणि मग त्यांचा माणसाच्या घराशी असलेला संबंध संपतो. श्वानगृहात त्यांना पोसले जाते ते प्रामुख्याने परिसरातील शेतांवर मेलेल्या गुराढोरांच्या मांसावर. शेतकऱ्याची मेलेली जनावरे उचलून नेण्याची सेवा ताफा करतो आणि त्या मोबदल्यात त्याला शेतातून जाण्याची मुभा व सद्भावना मिळते. सुमारे सहा-सात हंगाम धावल्यावर कुत्र्याचा वेग मंदावतो आणि मग त्याला सामान्यतः मारून टाकण्यात येते. एकोणिसाव्या शतकापासून छापल्या जाणाऱ्या फॉक्सहाउंडांच्या वंशावळीच्या ग्रंथात कुत्र्याचा जन्म आणि त्याचे आईबाप यांची काटेकोर नोंद असते. त्याचा शेवट कसा झाला हे नोंदवणे हा त्या ग्रंथाचा हेतूच नव्हे. साधनांच्या या एकांगीपणामुळे इतिहासकाराला कुत्र्याच्या कुळाविषयी पुष्कळ कळते आणि त्याच्या आयुष्याविषयी फार थोडे.

प्राणिसंरक्षणाच्या कायद्यांनी या संस्थेला आरंभी स्पर्श केला नाही. १८२२ च्या मार्टिन यांच्या कायद्याने घोडे, गुरे व मेंढ्या यांच्या छळास मनाई केली. १८२४ साली प्राणिक्लेशनिवारक संस्था स्थापन झाली आणि १८४० मध्ये तिला राजाश्रय मिळाला. १८३५ च्या कायद्याने कुत्र्याला संरक्षित पाळीव प्राण्यांत स्थान दिले आणि बैल, अस्वल यांच्यावर कुत्रे सोडण्याचे व कोंबडे झुंजवण्याचे खेळ बेकायदा ठरवले. हे खेळ प्रामुख्याने सामान्य जनतेचे होते. सरदार-जमीनदारांच्या मृगयेला कायद्याने हात लावला नाही. हा पक्षपात समकालीनांच्या दृष्टीतून सुटला नव्हता. सिडनी स्मिथ यांनी १८०९ सालीच, नीतिसुधारकांचा रोख केवळ गरिबांच्या करमणुकीवर का, असा उपरोधिक प्रश्न ‘एडिंबरो रिव्ह्यू’ मधून विचारला होता.

या विसंगतीवर तात्त्विक हल्ला केला तो एका इतिहासकाराने. नॉर्मन विजयाचा इतिहास लिहिणारे एडवर्ड फ्रीमन यांनी १८६९ साली ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’ मध्ये मृगयेच्या नीतिमत्तेवर लेख लिहिला. बैलावर कुत्रे सोडणे जर क्रौर्य असेल तर खोकडावर सोडणे हेही क्रौर्यच आहे. करमणुकीसाठी दिलेली वेदना ही देणाऱ्याच्या दर्जावरून बदलत नाही, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. त्याच नियतकालिकातून कादंबरीकार अँथनी ट्रोलप यांनी त्यांना उत्तर दिले. ट्रोलप स्वतः शिकारीचे निस्सीम भोक्ते होते. शिकारीमुळे अनेकांना मिळणारा आनंद, व्यायाम आणि विविध वर्गांचे मीलन यांच्या तुलनेत एका पशूची यातना अल्प आहे, अशी त्यांची भूमिका होती. पुढील सव्वाशे वर्षांच्या वादातील बहुतेक युक्तिवाद या दोन लेखांत बीजरूपाने सापडतात. एक गोष्ट मात्र लक्षणीय आहे : दोघांच्याही तराजूत सावज आहे, माणूस आहे, कुत्रा केवळ साधन म्हणून येतो.

३

चळवळीला संघटित रूप आले ते १८९१ मध्ये स्थापन झालेल्या ह्युमॅनिटेरियन लीगमुळे. तिचे प्रवर्तक हेन्री सॉल्ट हे पूर्वी ईटन येथे शिक्षक होते. त्यांच्या शाकाहारविषयक पुस्तकाचा लंडनमध्ये शिकत असलेल्या गांधीजींवर परिणाम झाला, हे भारतीय वाचकास परिचित आहे. परंतु त्याच सॉल्ट यांनी मृगयेविरुद्ध चालवलेला लढा तितकासा परिचित नाही. राजघराण्याच्या आश्रयाखालील ताफा पिंजऱ्याच्या गाडीतून आणलेले हरीण मोकळे सोडून त्याच्यामागे कुत्रे धाडीत असे. लीगने या प्रथेवर सतत टीका केली आणि सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानंतर १९०१ मध्ये हा राजकीय ताफा बरखास्त झाला. ईटन येथे विद्यार्थ्यांनी चालवलेल्या सशाच्या शिकारीविरुद्धही लीगने मोहीम काढली; परंतु तेथे तिला यश आले नाही.

१९११ च्या प्राणिसंरक्षण कायद्याने विखुरलेल्या तरतुदी एकत्र आणल्या; पण त्याच वेळी चळवळीपुढील अडथळाही पक्का केला. कायद्याचे संरक्षण पाळीव व बंदिस्त प्राण्यांपुरते राहिले. रानातील खोकड कायद्याच्या कक्षेबाहेर होते. बंदिस्त पशू सोडून त्याची शिकार करण्यालाही, तो पशू जखमी, विकलांग अथवा थकलेला नसेल तर, स्पष्ट सूट देण्यात आली. कुत्रा पाळीव म्हणून कायद्याच्या आत होता हे खरे. परंतु धन्याने त्याला यातना न देता मारणे हा गुन्हा नव्हता. म्हणजे सावजाला कायदा ओळखत नव्हता आणि कुत्र्याला ओळखत असला तरी त्याच्या जगण्याची हमी देत नव्हता. १९११ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २००६ च्या कायद्यानेही योग्य व दयाळू रीतीने केलेली हत्या छळाच्या गुन्ह्यातून वगळलेलीच आहे.

प्रस्थापित प्राणिक्लेशनिवारक संस्था मृगयेच्या प्रश्नावर ठाम भूमिका घेत नाही, या असंतोषातून १९२४ मध्ये हेन्री एमॉस आणि अर्नेस्ट बेल यांनी क्रूर खेळांच्या बंदीसाठी स्वतंत्र लीग स्थापन केली. मतभेदांमुळे १९३२ साली तिच्यातून दुसरी संस्था फुटून निघाली. मजूर पक्षाच्या राजवटीत १९४९ साली शिकारबंदीची खाजगी विधेयके पुढे आली; परंतु ग्रामीण मतदार दुखावण्यास सरकार तयार नव्हते. विधेयकाला विरोध करून सरकारने स्कॉट हेंडरसन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. १९५१ च्या तिच्या अहवालाने, खोकडांची संख्या आटोक्यात ठेवण्याच्या अन्य उपायांपेक्षा कुत्र्यांची शिकार अधिक क्रूर नाही, असा निष्कर्ष काढला. चळवळ त्यामुळे दीर्घकाळ मागे रेटली गेली.

वैधानिक मार्ग खुंटल्यावर प्रत्यक्ष कृतीचा मार्ग पुढे आला. डिसेंबर १९६३ मध्ये डेव्हनमधील ब्रिक्सम येथे जॉन प्रेस्टीज यांनी शिकारीत अडथळे आणणाऱ्यांची संघटना उभी केली. कार्यकर्ते शिंग फुंकून कुत्र्यांना चुकीच्या दिशेला बोलावीत आणि उग्र वासाची द्रव्ये शिंपडून माग पुसून टाकीत. या तंत्राचा एक परिणाम विशेष नमूद करण्याजोगा आहे. कुत्र्याचे शिक्षण, त्याला दिले जाणारे संकेत आणि त्याची घ्राणशक्ती यांचा अभ्यास केल्याशिवाय असा अडथळा आणणे शक्य नव्हते. शत्रुपक्षाचे शस्त्र म्हणून का होईना, चळवळीने कुत्र्याकडे प्रथमच बारकाईने पाहिले.

४

शिकार बंद झाल्यावर कुत्र्यांचे काय होते, याचे इंग्लंडातील पहिले स्पष्ट उदाहरण पाणमांजराच्या शिकारीचे आहे. नद्यांमधील पाणमांजरांची संख्या झपाट्याने घटल्यामुळे १९७८ मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये त्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले आणि त्यांची शिकार संपली. या शिकारीसाठीच पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या, राठ केसांच्या ऑटरहाउंड जातीला त्यानंतर काही कामच उरले नाही. काही ताफे मिंक या परदेशी प्राण्याच्या शिकारीकडे वळले. शुद्ध जातीचे अनेक कुत्रे खाजगी घरांत गेले, आणि जात टिकवण्यासाठी त्याच वर्षी एक मंडळ स्थापन झाले. जात जगली, पण अत्यल्प संख्येने. ब्रिटनच्या केनेल क्लबने ती संकटग्रस्त देशी जातींत नोंदवली आहे. या घटनेतून दोन निष्कर्ष निघतात. ताफ्यात वाढलेले कुत्रे घरात राहू शकत नाही, हा समज सर्वस्वी खरा नव्हता. आणि कुत्र्यांची सोय कायद्याने केली नाही. ती त्यांच्यावर ममता असलेल्या व्यक्तींनी स्वखुशीने केली.

१९९७ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आल्यावर वाद पुन्हा पेटला. त्याच वर्षी प्राणिवर्तनशास्त्रज्ञ पॅट्रिक बेटसन यांचा, पाठलागामुळे हरणांच्या शरीरावर होणाऱ्या परिणामांविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि नॅशनल ट्रस्टने आपल्या जमिनींवर कुत्र्यांनिशी होणारी हरणांची शिकार बंद केली. नोव्हेंबर १९९७ मध्ये मायकेल फॉस्टर यांचे विधेयक दुसऱ्या वाचनात ४११ विरुद्ध १५१ मतांनी संमत झाले. परंतु पुढे वेळेअभावी ते बारगळले. सरकारने नेमलेल्या बर्न्स समितीने जून २००० च्या अहवालात, या शिकारीमुळे खोकडाच्या स्वास्थ्यास गंभीर बाधा येते, असे जपून शब्द योजून म्हटले. शिकारीवर सहा ते आठ हजार पूर्णवेळ रोजगार अवलंबून असल्याचा अंदाजही तिने वर्तवला. २२ सप्टेंबर २००२ रोजी लंडनमध्ये निघालेल्या ग्रामीण मोर्चात चार लाखांहून अधिक लोक सामील झाले.

या टप्प्यावर कुत्रा वादाच्या केंद्रस्थानी आला, पण तो शिकारसमर्थकांच्या हातून. बंदी आल्यास हजारो कुत्र्यांना मारून टाकावे लागेल, कारण ते ताफ्याबाहेर जगू शकत नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. बंदीवाद्यांनी उत्तर दिले की, वय झालेल्या कुत्र्यांना ताफे दरवर्षी मारतातच. बंदीमुळे उलट ही परंपरा खंडित होईल. शिवाय कृत्रिम वासाच्या मागावर कुत्रे धावडवण्याचा निर्दोष पर्याय उपलब्ध आहे, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. दोन्ही बाजूंच्या प्रतिपादनात कुत्र्याविषयीची कळकळ खोटी होती असे म्हणता येणार नाही. ताफ्याचा श्वानपाल आपल्या प्रत्येक कुत्र्याला नावाने ओळखतो. परंतु दोन्ही बाजूंनी कुत्र्याचा मृत्यू प्रतिपक्षाला निरुत्तर करण्यासाठी वापरला, हेही तितकेच खरे.

लॉर्ड्स सभेच्या विरोधामुळे १९११ व १९४९ च्या पार्लमेंट कायद्यांचा आधार घेऊन १८ नोव्हेंबर २००४ रोजी शिकारबंदीचा कायदा करण्यात आला आणि १८ फेब्रुवारी २००५ पासून तो इंग्लंड व वेल्समध्ये अमलात आला. स्कॉटलंडने स्वतंत्र कायदा २००२ मध्येच केला होता. २००४ च्या कायद्याचे कलम ९ या विषयाच्या अभ्यासकाने अवश्य वाचावे. गुन्हा सिद्ध झाल्यास न्यायालय शिकारीत वापरलेला कुत्रा, वाहन किंवा वस्तू जप्त करण्याचा आदेश देऊ शकते आणि जप्त केलेल्या कुत्र्याचे, वाहनाचे वा वस्तूचे पुढे काय करावे हेही ठरवू शकते. ज्या कायद्याने खोकडाला यातनेपासून मुक्त करण्याचे तत्त्व मान्य केले, त्याच कायद्याने कुत्र्याला वाहन आणि वस्तू यांच्या पंक्तीत बसवले. कायदा घडवणाऱ्यांच्या मनात कुत्र्याविषयी अनादर होता असे नव्हे. साधन म्हणून त्याची जी वर्गवारी रूढ होती, तीच त्यांच्या लेखणीतून उतरली.

हजारो कुत्र्यांच्या हत्येचे भाकीत मात्र खरे ठरले नाही. याचे कारण कायद्याची दूरदृष्टी हे नव्हते. ताफे बरखास्तच झाले नाहीत. आधी टाकलेल्या वासाच्या मागावर कुत्रे नेण्याच्या ‘माग-शिकारी’च्या नावाखाली त्यांचे जुने जीवन बव्हंशी चालू राहिले, आणि प्रत्यक्षात खोकडांचीच शिकार होते असा आरोप सतत होत राहिला. २०२१ मध्ये नॅशनल ट्रस्टच्या सभासदांनी अशा माग-शिकारीस जमीन देण्याविरुद्ध मत दिले. स्कॉटलंडने २०२३ च्या नव्या कायद्याने पळवाटा आवळल्या, आणि २०२४ च्या निवडणूक जाहीरनाम्यात मजूर पक्षाने माग-शिकारीवर बंदी घालण्याचे वचन दिले. थोडक्यात, इंग्लंडातील कुत्रे वाचले ते बंदी अपुरी होती म्हणून. बंदी जितकी परिपूर्ण होत जाईल, तितका २००४ साली अनुत्तरित राहिलेला प्रश्न पुन्हा समोर येईल.

५

स्पेनमधील गाल्गोची कहाणी निराळ्या सामाजिक भूमीत घडली. कॅस्टिल, ला मांचा, एक्स्त्रेमादुरा आणि अंदालुसिया या प्रदेशांतील विस्तीर्ण, उघड्या माळरानांवर सशाची शिकार करणारा हा कुत्रा मध्ययुगात मौल्यवान मालमत्ता समजला जाई. स्थानिक सनदांतून त्याची चोरी वा हत्या दंडनीय ठरवलेली आढळते. १६०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘दोन किहोते’ च्या नायकाची ओळख करून देताना सर्व्हान्तेस यांनी त्याच्या जुन्या ढालीबरोबर आणि रोडक्या घोड्याबरोबर त्याच्या गाल्गोचाही उल्लेख केला आहे. ऐपत खालावली तरी सरदारकीची खूण म्हणून कुत्रा दारी राहिलाच पाहिजे, असा तो काळ होता.

विसाव्या शतकात हा कुत्रा सरदाराच्या दारातून गावोगावच्या सामान्य शिकाऱ्याच्या हाती आला. इंग्लंडातील ताफ्याप्रमाणे येथे सामायिक श्वानगृह नाही, वंशावळीची शिस्त नाही आणि पगारी श्वानपालही नाही. अनेक पिले जन्माला घालायची, त्यांतून वेगवान निवडायची, दोन-तीन हंगाम धावडवायची आणि मग नवी आणायची, अशी रीत पडली. सशाची शिकार शरद ऋतूत सुरू होऊन साधारणतः जानेवारीअखेर संपते; पुढील आठ-नऊ महिने कुत्र्याला पोसणे हा निव्वळ खर्च. त्यात एक जुनी मानापमानाची कल्पना मिसळली. सशाच्या पावलावर न धावता आडवाटेने त्याला गाठणाऱ्या हुशार कुत्र्याला ‘मळका’ म्हणून हिणवले जाई आणि त्याच्यामुळे धन्याला कमीपणा येतो असे मानले जाई. नको असलेले कुत्रे रस्त्यावर सोडणे, विहिरीत टाकणे, झाडाला फाशी देणे हे प्रकार गेल्या शतकाच्या अखेरीस छायाचित्रांसह उघडकीस आले आणि स्पेनबाहेरही संतापाची लाट उसळली.

चळवळीचा आरंभ पार्लमेंटमध्ये नव्हे, तर निवाऱ्याच्या आवारात झाला. सशाच्या शिकारस्पर्धांसाठी प्रसिद्ध असलेल्या मेदिना देल काम्पो या गावीच ‘स्कूबी’ नावाची संस्था टाकलेल्या गाल्गोंना आसरा देऊ लागली. सेव्हिलजवळ बेंजामिन मेनर्ट प्रतिष्ठानाने मोठा निवारा उभारला. ब्रिटन, जर्मनी, बेल्जियम, नेदरलंड्स, फ्रान्स आणि इटली येथील स्वयंसेवी मंडळांशी त्यांचा संबंध जुळला. टाकलेला कुत्रा पकडणे, त्याच्या जखमा व मोडलेली हाडे बरी करणे, वालुमाशीच्या चाव्यातून पसरणाऱ्या लेश्मानिया या परजीवीची तपासणी करणे, प्रवासाची कागदपत्रे तयार करणे आणि परदेशी कुटुंबात त्याला पाठवणे, अशी या कार्याची साखळी आहे. हाच परजीवीगट भारतात काळा आजार निर्माण करतो. भूमध्यसागरी प्रदेशात कुत्रा हा त्याचा प्रमुख आश्रय आहे. अशा आजारी कुत्र्याचा खर्च बहुधा देणग्यांतून भागवावा लागतो.

सुटकेच्या या कार्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. गाल्गो हा केवळ धावण्याचे यंत्र आहे, तो घरात राहत नाही, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात होते. शहरांतील आणि परदेशांतील कुटुंबांत तो शांतपणे राहू लागला तेव्हा त्या समजुतीचा आधारच निखळला. प्रत्येक दत्तक गेलेला कुत्रा हा जणू चळवळीचा पुरावा ठरला. १ फेब्रुवारी हा दिवस गाल्गोदिन म्हणून पाळला जाऊ लागला आणि त्या सुमारास दरवर्षी अनेक स्पॅनिश शहरांतून, कुत्र्यांना हाताशी घेऊन, शिकारीत त्यांचा वापर करण्याविरुद्ध मोर्चे निघू लागले. इरेने ब्लांकेस यांच्या २०१३ मधील अनुबोधपटाच्या शीर्षकातही गाल्गोंच्या भीतीचा महिना म्हणून फेब्रुवारीच आला आहे.

टाकलेल्या कुत्र्यांच्या संख्येविषयी मात्र सावधगिरी आवश्यक आहे. संघटनांचे अंदाज वर्षाला काही दशसहस्रांपर्यंत जातात; शिकारी महासंघ ते अवास्तव ठरवतात. निवाऱ्यात आलेला कुत्रा मोजता येतो. माळावर मेलेला मोजला जात नाही. नोंदणीत नसलेल्या पिलांच्या जन्माची मोजदाद नाही, तेव्हा मृत्यूचीही होणे कठीण. म्हणून निवाऱ्यांच्या दैनंदिन नोंदी व पशुवैद्यकांचे अहवाल हीच इतिहासलेखनाची अधिक विश्वसनीय साधने होत. फॉक्सहाउंडाच्या बाबतीत जन्माची नोंद आहे आणि अंताची नाही. गाल्गोच्या बाबतीत कागदोपत्री इतिहास बहुधा सुटकेच्या दिवसापासूनच सुरू होतो.

कायद्याच्या क्षेत्रात स्पेनची प्रगती वेगवान दिसते. २००३ च्या सुधारणेने पाळीव प्राण्यांचा गंभीर छळ हा फौजदारी गुन्हा झाला. २०२१ च्या कायद्याने प्राणी म्हणजे वस्तू नव्हेत, ते संवेदनक्षम जीव आहेत, हे दिवाणी संहितेने मान्य केले. तत्त्वाचा एवढा स्पष्ट उच्चार झाल्यावर गाल्गोचा प्रश्न सुटेल अशी अपेक्षा होती. परंतु २८ मार्च २०२३ च्या प्राणिकल्याण कायद्याच्या कक्षेतून शिकारी कुत्र्यांना वगळण्यात आले. मूळ मसुद्यात ते समाविष्ट होते. शिकारी महासंघांचा तीव्र विरोध, २० मार्च २०२२ रोजी माद्रिदमध्ये निघालेला ग्रामीण जनतेचा प्रचंड मोर्चा आणि ग्रामीण मतदारसंघांची चिंता यांच्या पार्श्वभूमीवर आघाडी सरकारातील समाजवादी पक्षाने दुरुस्ती आणून त्यांना बाहेर काढले. फौजदारी संहितेचे संरक्षण त्यांना राहिले. परंतु कल्याणाच्या ज्या नव्या हमी घरातील कुत्र्याला मिळाल्या, त्या शिकारीच्या कुत्र्याला नाकारल्या गेल्या. वर्षानुवर्षांच्या चळवळीने ज्याच्या नावाने जनमत जागे केले, तोच प्राणी कायद्याच्या उंबरठ्याबाहेर उभा राहिला.

६

या दोन इतिहासांची तुलना करताना भारतातील कायद्यांचा मेळ घालून पाहणे उपयुक्त ठरते. वसाहतकाळात इंग्रजांनी आपली मृगया भारतात आणली. निलगिरीतील उटकमंड येथे इंग्लंडातील खोकडाची जागा कोल्ह्याने घेतली. दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील कारवानी कुत्रा हाही मुळात दृष्टीच्या बळावर सशाची शिकार करणाराच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येतच कुत्र्यांनिशी केलेल्या पाठलागाचा समावेश केला. त्यापूर्वीच, १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमाने, उपासमारीने वा तहानेने यातना होतील अशा स्थितीत कोणताही प्राणी वाजवी कारणाविना सोडून देणे हा गुन्हा ठरवला होता. अंमलबजावणीचा प्रश्न वेगळा; परंतु सावज आणि कुत्रा या दोहोंचा विचार, दोन स्वतंत्र कायद्यांतून का होईना, येथे झालेला आहे, आणि त्यातील दुसऱ्या कायद्याने कुत्र्याच्या उपयोगाची विचारणा केलेली नाही.

इंग्लंडने सावजापासून आरंभ केला आणि कुत्र्याला साधन म्हणून कायद्यात लिहिले. स्पेनने कुत्र्यापासून आरंभ केला आणि अखेर त्याला साधन म्हणून कायद्यातून वगळले. दोन्हीकडे ग्रामीण विरुद्ध नागर हा संघर्ष निर्णायक ठरला. दोन्हीकडे लाखोंचे मोर्चे निघाले. आणि दोन्हीकडे तडजोडीची किंमत कुत्र्याच्या वर्गवारीतून वसूल झाली. मोर्चात चालणाऱ्या शेतकऱ्याची आपल्या जीवनरीतीविषयीची भीती खरी होती. परंतु त्या भीतीचे निवारण करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणून ज्याला मत नाही त्याचा हक्क कमी करण्यात आला.

सुटकेचे कार्य आणि बंदीची चळवळ यांचा परस्परसंबंधही यातून स्पष्ट होतो. पैदास निर्बंधाविना चालू असताना केवळ निवारे उभारणे म्हणजे फुटका रांजण भरण्यासारखे आहे. उलटपक्षी, कुत्र्यांची तरतूद न करता केलेली बंदी एक तर त्यांच्या जिवावर बेतते किंवा, इंग्लंडात घडले त्याप्रमाणे, ती निष्प्रभ राहते म्हणूनच ते जगतात. ऑटरहाउंडाला जे संरक्षण १९७८ मध्ये काही व्यक्तींच्या ममतेतून मिळाले, ते कायद्याच्या मजकुरातून मिळण्याची वेळ माग-शिकारीवरील नियोजित बंदीमुळे जवळ येत आहे. त्या कायद्यात कुत्रा कोणत्या शब्दाच्या शेजारी लिहिला जातो, यावरून फ्रीमन आणि ट्रोलप यांच्या तराजूत १८६९ पासून न ठेवलेले वजन अखेर ठेवले गेले किंवा नाही, याचा निर्णय होईल.